सांगलीत आर्टिकलशिप: पहिल्या स्टॉक मोजणीला काय बघायचं, पतसंस्थेत काय बघायचं, आणि अभ्यास कुठे बसवायचा?

नवी_वही
सीए इंटरचे दोन्ही ग्रुप झाले, आयटी आणि ओरिएंटेशनचे कोर्सही झाले. आता सांगलीतल्या एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) सुरू होतेय. एप्रिलमध्ये दोन कामं आधीच ठरली आहेत: एका बेदाणा व्यापाऱ्याची कोल्ड स्टोरेजमधली स्टॉक मोजणी, आणि त्यानंतर एका पतसंस्थेचं ऑडिट. सर म्हणाले, "जाऊन मोजून या." एसए ५०१ (साठ्याच्या पुराव्याबद्दलचं ऑडिटचं मानक) वाचलंय, पण खोक्यांच्या थप्पीसमोर उभं राहिल्यावर सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळत नाही. सोबत काय न्यायचं, घोळ कुठे होतो, आणि या सगळ्यात फायनलचा अभ्यास कसा बसवायचा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

तोलाई
अभिनंदन. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे ३१ मार्च ऐन हंगामात येतो. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल शेडवरून उतरत असतो, हळदीची आवकही त्याच दिवसांत जोरात असते. दुसरीकडे वर्षअखेरीला माल शांत पडून असतो, इथे तो त्याच दिवशी ट्रकमध्ये, काट्यावर, शेडवर किंवा सौद्यात असतो. त्यामुळे सांगली-तासगावच्या व्यापाऱ्याच्या ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त चुका कट-ऑफला होतात, म्हणजे कुठली खरेदी-विक्री या वर्षाची आणि कुठली पुढच्या वर्षाची, इथे.

मोजणी समजा १२ एप्रिलला झाली. चेंबरमध्ये ३,९८० बॉक्स भरले. १ ते १२ एप्रिलदरम्यान बाहेर गेले ८२०, आत आले ६००. तुम्ही मागे चालत जाताय, म्हणून गेलेले मिळवायचे आणि आलेले वजा करायचे: ३,९८० + ८२० − ६०० = ४,२००. बॉक्स १५ किलोचा धरला तर ३१ मार्चला ६३,००० किलो. नवीन मुलं घाईत नेमकी ही चिन्हं उलटी लावतात आणि मग दिवसभर फरक शोधत बसतात.

आता पुस्तकात ४,६५० बॉक्स आहेत असं समजा. फरक ४५० बॉक्स, ६,७५० किलो. दोनशे रुपये किलोनं साडेतेरा लाख. पार्टी, म्हणजे ज्याचं ऑडिट आहे तो व्यापारी, म्हणेल, "माल वाटेत होता." असू शकतो. पण मग त्या ४५० बॉक्सची खरेदी ३१ मार्चपर्यंत नोंदलेली हवी, वजनकाट्याची पावती, गाडीची बिल्टी आणि ई-वे बिल हवं, आणि कोल्ड स्टोरेजच्या रजिस्टरला १-२ एप्रिलला तेच ४५० बॉक्स त्याच लॉट नंबरनं आत आलेले दिसायला हवेत. हे सगळे कागद जुळले तर माल वाटेत होता. त्यातला एक जरी जुळला नाही तर कार्यपत्रावर (ऑडिटच्या आपल्या नोंदींच्या कागदावर) तसं लिहा आणि सरांपुढे ठेवा. तिथे उभं राहून पार्टीशी वाद घालू नका.

याच्या उलटा प्रकार जास्त धोक्याचा. ३० मार्चला विक्रीचं बिल फाडलंय आणि माल अजून चेंबरमध्येच आहे. तो मोजणीत येतो, शिल्लक साठ्यात धरला जातो आणि विक्रीतही असतो. नफा दोनदा. म्हणून मार्चअखेरची शेवटची पाच विक्री बिलं आणि शेवटची पाच खरेदी बिलं घ्या, एप्रिलची पहिली पाच-पाच घ्या, आणि प्रत्येकाचा गेटपास शोधा.

टिकमार्क
सोबत न्यायचं: क्रमांक टाकलेले मोजणीचे कागद (कोरे उरले तर त्यावर आडवी रेघ मारून परत आणायचे), कार्बन, पॅड, टॉर्च, छोटा डिजिटल काटा, आणि स्वेटर. चेंबरमध्ये पारा चार-पाच अंशांवर असतो, तासाभरात बोटं आखडतात. बॉलपेन रुसतो, पेन्सिल ठेवा. बाहेर आल्यावर लगेच शाईनं पक्कं करून दोघांच्या सह्या, तुमची आणि त्यांच्या गोडाऊन कीपरची, तारीख आणि वेळ घालून.

कृष्णाकाठ
तोलाई यांनी हिशोब सांगितला, मी थप्पीबद्दल लिहितो, कारण मोजणीत खरी फसगत तिथेच होते.

समोरून बॉक्स मोजायचे, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करायचं आणि निघायचं, असं करू नका. थप्पी आतून पोकळ असू शकते. फसवायचा हेतू असतोच असं नाही. हवा खेळायला मुद्दाम जागा सोडतात, किंवा मधले लॉट आधी उचललेले असतात. शिडी मागा, वर चढून टॉर्च मारा. शंका वाटली तर हमालाला सांगून एक रांग काढायला लावा. त्याचा खर्च आणि वेळ पार्टीनं द्यायचा असतो, म्हणून आदल्या दिवशी कल्पना द्या की हमाल लागतील. कुठला लॉट बघणार हे मात्र आधी सांगायचं नाही.

तपासणी दोन्ही दिशांनी करा. रजिस्टरमधून दहा लॉट निवडा आणि चेंबरमध्ये शोधा. मग चेंबरमधून दहा लॉट निवडा आणि रजिस्टरमध्ये शोधा. पहिल्यानं "कागदावर आहे, पण माल नाही" सापडतं, दुसऱ्यानं "माल आहे, पण कागदावर नाही" सापडतं. निम्मी मुलं फक्त पहिलं करून येतात.

तीन-चार बॉक्स उघडून वजन करा, रिकाम्या खोक्याचं वजन वजा करा. रंग लिहा: हिरवा, पिवळा, काळा. दरात मोठा फरक पडतो. काळ्याचा लॉट हिरव्याच्या दरानं धरला तर नग बरोबर आणि किंमत चूक. गेल्या हंगामाचा माल वेगळा काढा. तो रंगानं गडद झालेला असतो, त्याची विक्रीकिंमत खरेदीखाली गेली असेल तर एएस २ (साठ्याच्या किमतीचं लेखा मानक) प्रमाणे कमी किंमत धरायची.

आणि हे फार कामाचं आहे: कोल्ड स्टोरेजचं भाड्याचं बिल मागा. भाडं नगावर आणि महिन्यावर लागतं. मार्चच्या बिलावरून उलटा हिशोब केला की किती बॉक्स होते ते कळतं. हे बिल पार्टीनं बनवलेलं नसतं, त्रयस्थानं पैसे घेण्यासाठी बनवलेलं असतं. पार्टीच्या स्टॉक रजिस्टरपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. परीक्षेत "पुराव्याची विश्वसनीयता" म्हणून जे लिहितात ते हेच.

ताळेबंद
एसए ५०५ (बाहेरच्या माणसाकडून थेट पुष्टी घेण्याचं मानक) ची भर घालतो. कोल्ड स्टोरेजकडून शिलकीचं पत्र मागवायचं असेल तर ते पार्टीच्या लेटरहेडवर असलं तरी पोस्टात टाकायचं काम ऑडिटरच्या ऑफिसनं करायचं, आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर आलं पाहिजे. पार्टीच्या मुनीमानं "घ्या, आणून ठेवलंय" म्हणून हातात दिलेलं पत्र म्हणजे पुष्टी नव्हे.

पत्रात दोन प्रश्न नक्की घाला. माल कुणाच्या नावावर आहे? आणि त्यावर कुठल्या बँकेचा बोजा आहे? वेअरहाउस पावतीवर कर्ज घेतलेला माल आणि कॅश क्रेडिटच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल एकच निघाला, तर एकाच बॉक्सवर दोन कर्जं झाली.

मिरज_जंक्शन
एक साधा मुद्दा राहिला. पार्टी अडत्या आहे की स्वतः खरेदी करणारा व्यापारी? अडत्याच्या गोडाऊनमध्ये पडलेला माल शेतकऱ्याचा असतो, त्याच्या ताळेबंदात येत नाही. त्याच्याकडे फक्त अडत हे उत्पन्न. सांगलीत एकच माणूस दोन्ही धंदे करतो, एकाच छपराखाली. मोजणीच्या कागदावर "स्वतःचा" आणि "शेतकऱ्याचा" असे दोन रकाने आखूनच घ्या.

हरिपूर_रोड
हळदीबद्दल थोडं. आता पोती गोडाऊनमध्ये असतात म्हणून मोजता तरी येतात. पूर्वी हरिपूरच्या पेवात हळद जमिनीखाली असायची, तोंड बंद केलेल्या पेवात किती क्विंटल आहे हे कागदावरूनच मानावं लागे. २००५ आणि २०१९ च्या महापुरात पेवांचं फार नुकसान झालं.

हळदीत घट येते, ओल उडते, पॉलिशला जाते. घट खरी असते, पण तिचं प्रमाण तपासायचं असतं. मागच्या तीन वर्षांची घटीची टक्केवारी काढा. यंदा अचानक दुप्पट दिसली तर बिनबिलाची विक्री घटीत लपवली आहे का ते बघा. पॉलिशवाल्याचं बिल क्विंटलवर असतं, त्यावरून किती माल पॉलिशला गेला ते कळतं.

गोडाऊन नदीच्या बाजूला असेल तर विम्याची पॉलिसी मागा. पत्ता कुठला आहे, रक्कम किती आहे, पूर त्यात येतो का.

स्टेशन_चौक
रोख खरेदीचं काय? आयकर कायदा १९६१ च्या कलम ४०ए(३) ला दिवसाला एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर खर्च नामंजूर. मार्केट यार्डात तर सगळी रोख. पण शेतकऱ्याला दिलेल्या रोखीला नियम ६डीडी ची सूट आहे, तेव्हा तिथे काही बघायचंच नाही ना?

ताळेबंद
बघायचं. सूट आहे, पण ती शेतमाल पिकवणाऱ्याला थेट दिलेल्या पैशासाठी. मधल्या व्यापाऱ्याकडून माल घेऊन त्याला रोख दिली तर सूट नाही. म्हणून हिशोबपट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि सही हवी, आणि शक्य असेल तिथे सातबारा किंवा बाजार समितीची पावती. एकाच हस्ताक्षरातल्या वीस शेतकऱ्यांच्या सह्या दिसल्या तर तो भाग वेगळा काढून सरांना दाखवा.

दुसरं, त्याच कायद्याचं कलम २६९एसटी. एका दिवसात एका माणसाकडून, किंवा एका व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. यात अडकतो तो पैसे घेणारा, म्हणजे इथे शेतकरी. सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की दोन लाखांच्या आत असेल तर शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला अडचण नाही. त्यामुळे दोन लाख आणि त्यावरच्या रोख पट्ट्यांची यादी करा.

तिसरं, बँकेतून वर्षाला एक कोटीच्या वर रोख काढली की १९४एन चा टीडीएस. बाजार समितीत काम करणाऱ्या अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांच्या पेमेंटसाठी यातून २०१९ च्या अधिसूचनेनं सूट दिली आहे, पण बँकेला तसं प्रमाणित करून द्यावं लागतं. ते दिलं नाही म्हणून टीडीएस कापला गेला आणि पुस्तकात तो "बँक चार्जेस"ला टाकला, ही चूक वारंवार दिसते. २६एएस (आयकर खात्याकडचा टीडीएसचा उतारा) उघडून पुस्तकाशी ताडा.

तोलाई
बेदाण्याच्या जीएसटीवर अजूनही गोंधळ दिसतो म्हणून लिहितो: डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या ५५ व्या जीएसटी परिषदेत स्पष्ट झालं की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही. व्यापाऱ्याच्या पुढच्या विक्रीला मात्र ती सवलत लागत नाही.

आणि येणी तपासताना "झिरो पेमेंट" लक्षात ठेवा. दिवाळीआधी सौदे बंद ठेवून सगळे जुने हिशोब चुकते करायची इथली पद्धत आहे. ऑडिट सप्टेंबरपर्यंत लांबलं असेल तर गेल्या दिवाळीच्या तारखेला खातेउतारा बघा. जे खातं त्या दिवशीही शून्यावर आलं नाही, ते अडकलेलं येणं. येणं किती जुनं आहे ते काढायला यापेक्षा सोपी खूण नाही.

नवी_वही
खूप खूप आभार सगळ्यांचे. प्रिंट काढून ठेवतेय. पतसंस्थेबद्दलही सांगाल का? पिग्मी आणि सोनेतारण हे दोन भाग माझ्याकडे येणार आहेत.

खतावणी
पतसंस्थेचं ऑडिट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ खाली होतं, ऑडिटर नामतालिकेवरचा (मान्य लेखापरीक्षकांच्या यादीतला) लागतो. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत पूर्ण करायचं. त्यानंतर संस्था कलम ८२ प्रमाणे दोषदुरुस्ती अहवाल देते, त्याला सगळे "ओ नमुना" म्हणतात. कामाला सुरुवात गेल्या वर्षीच्या ओ नमुन्यापासून करा. "दुरुस्ती केली" असं जिथे लिहिलंय ती प्रत्येक दुरुस्ती प्रत्यक्षात झाली का ते बघा. दर वर्षी तोच दोष आणि तेच उत्तर उतरवलेलं असतं.

पिग्मी: एजंट रोज गोळा करतो, मशीनमध्ये नोंद होते, दुसऱ्या कामाच्या दिवशी संस्थेत भरणा. तुम्हाला तीन आकडे लावायचे आहेत: मशीनचा अहवाल, संस्थेच्या कॅशबुकातला भरणा, आणि ग्राहकाचं पासबुक. पहिले दोन ऑफिसात बसून मिळतात. तिसऱ्यासाठी बाहेर पडावं लागतं आणि घोटाळा सापडतो तो तिसऱ्यातच. एजंटमागे निदान तीस पासबुकं बघा, आणि ती एजंटला आणायला सांगू नका. मारुती रोड, गणपती पेठ, जिथे त्याचे दुकानदार असतील तिथे संस्थेच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला घेऊन स्वतः जा.

भरण्याच्या तारखांचा तक्ता करा. गोळा केल्याची तारीख आणि भरण्याची तारीख यातलं अंतर एक दिवसाचं तीन दिवस, तीनाचं पाच असं वाढत गेलं, की एजंट आजच्या पैशानं कालचं भोक बुजवतोय. महिनाअखेरीला मोठा भरणा येऊन सगळं समान होतं, म्हणून फक्त महिन्याची बेरीज लावणाऱ्याला हे दिसत नाही. मुदतीआधी बंद झालेली पिग्मी खाती आणि पिग्मीतारण कर्जं यांच्या सह्या खातं उघडण्याच्या फॉर्मवरच्या सहीशी ताडा.

सोनेतारण: पाकीट एकट्यानं कधीही उघडायचं नाही. व्यवस्थापक, तिजोरीची किल्ली असणारा दुसरा माणूस आणि सराफ, तिघं समोर हवेत. आधी काटा शून्यावर आहे का आणि प्रमाणित वजन ठेवून बरोबर दाखवतो का ते बघा. मग एकूण वजन, खड्यांचं वजन, निव्वळ वजन. पाकिटावरचा नंबर, रजिस्टरचा नंबर आणि कर्जरोख्याचा नंबर एकच हवा. पाकिटं परत सील करताना सगळ्यांच्या सह्या. नमुना निवडताना नूतनीकरण झालेली कर्जं जास्त घ्या. व्याज न भरता तीनदा नूतनीकरण झालेलं कर्ज म्हणजे थकबाकी लपवलेली असू शकते.

एक गंभीर गोष्ट. अपहार किंवा अनियमितता आढळली तर कलम ८१(५बी) प्रमाणे लेखापरीक्षकावर निबंधकाला विशेष अहवाल देण्याची आणि गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी येते. म्हणून संशय आला की तिथल्या कुणाशी चर्चा नको. कागदांच्या प्रती, तारीख, आणि थेट सरांना फोन.

टिकमार्क
एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिटही येईल बहुधा. ऊसपट्ट्यातल्या शाखेत एकच गोष्ट लक्षात ठेवून जा: पीक कर्ज ९० दिवसांनी एनपीए (अनुत्पादक कर्ज) होत नाही. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकल्यावर होतं. ऊस कुठल्या गटात हे हंगामाच्या लांबीवर ठरतं, एका वर्षाहून मोठा हंगाम असेल तर दीर्घ. आडसाली साधारण अठरा महिन्यांचा, सुरू बारा महिन्यांचा. राज्यस्तरीय बँकर्स समितीनं ठरवलेली तारीख मागून घ्या, अंदाज करू नका. कॅश क्रेडिटला तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर (साठ्यावर किती रक्कम उचलता येते ती मर्यादा) धरली असेल तर खातं अनियमित. हीच अवस्था सलग ९० दिवस राहिली की एनपीए.

आमराई
अभ्यासाचं लिहितो. जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनलला बसता येतं. म्हणजे जुन्या मुलांसारखं आर्टिकलशिप चालू असताना अटेम्प्टसाठी लांब सुट्टी काढायची वेळ येत नाही. रजा वर्षाला बाराच आहेत, त्या आजारपण आणि घरच्या कार्यासाठी राखा.

आर्टिकलशिपच्या कराराचा फॉर्म १०२ आणि नोंदणीचा १०३ सुरू झाल्यापासून तीस दिवसांत गेले का ते स्वतः पोर्टलवर बघा. "ऑफिसनं केलं असेल" यावर राहू नका, दिवस मोजताना नुकसान तुमचं होतं.

सेल्फ पेस्ड मॉड्यूलचे (आपल्या सोयीनं अभ्यास करून परीक्षा द्यायचे विषय) ए, बी, सी, डी चारही सेट फायनलआधी पास व्हावे लागतात, प्रत्येकात ५० टक्के. ए आणि बी सगळ्यांना सारखे. हे पहिल्या वर्षातल्या हलक्या महिन्यांत उरकून टाका. आपल्याकडे हलके महिने म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, फेब्रुवारी. एप्रिल बँकांचा, जुलै रिटर्न आणि पतसंस्थांचा, सप्टेंबर टॅक्स ऑडिटचा. या तीन महिन्यांत रोजचा तास-दीड तास टिकला तरी पुष्कळ. तिथे पाच तासांचं वेळापत्रक आखलं तर आठवड्यात मोडतं.

फायनलचे सहा पेपर आहेत. त्यातले ऑडिट, प्रत्यक्ष कर आणि जीएसटी हे तीन तुम्ही दिवसभर हाताळता. त्यामुळे सकाळचे तास एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) आणि एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ला द्या, ते ऑफिसात शिकायला मिळत नाहीत. ऑडिटचं उलटं करा: ज्या दिवशी मोजणी झाली त्याच रात्री एसए ५०१ आणि ५०५ ची कलमं वाचा, ज्या दिवशी फाइल लावली त्या रात्री एसए २३० (ऑडिटच्या कागदपत्रांचं मानक). अहवालापासून ६० दिवसांत फाइल बांधायची आणि सात वर्षं जपायची, हे पाठ करावं लागत नाही, कारण कपाटात तुम्हीच ठेवलेली असते.

कृष्णाकाठ
आमराई यांच्याशी सहमत, फक्त एक भर. कार्यपत्रात "तपासले, बरोबर" असं लिहायचं नाही. काय घेतलं, किती घेतलं, कसं निवडलं, काय सापडलं, पार्टी काय म्हणाली, आणि ते कशाशी ताडलं. दुसरी मुलगी उद्या तुमच्या जागी गेली तर तिला तेच लॉट परत शोधता आले पाहिजेत.

नवी_वही
शेवटचा प्रश्न. मोजणीला गेल्यावर एखादं चेंबर बंद असेल आणि "किल्लीवाला गावाला गेलाय" म्हणाले तर?

तोलाई
त्याच वेळी त्या चेंबरच्या लॉट रजिस्टरची त्या दिवसापर्यंतची प्रत सही-शिक्क्यासह घ्या, म्हणजे नंतर नोंदी बदलता येणार नाहीत. कागदावर चेंबर नंबर, वेळ आणि कोण काय म्हणालं ते लिहा. कुलपाचा आणि चेंबरच्या नंबराचा फोटो विचारून काढा. सरांना तिथूनच फोन करा. मग दोन-तीन दिवसांत न कळवता परत जा, आणि मागे चालायचा हिशोब त्या नव्या तारखेपासून करा. बाकीच्या चेंबरांचा १२ तारखेपासून, याचा १५ पासून, दोन्ही एका कागदावर एकत्र करू नका. या चेंबरमधून त्या चेंबरमध्ये हलवलेला माल दोन्हीकडे मोजला जातो तो असाच. मधल्या तीन दिवसांत चेंबर ते चेंबर काय हललं ते कोल्ड स्टोरेजच्या हमालीच्या वहीत सापडेल, कारण हमाल पैसे घेतल्याशिवाय बॉक्स उचलत नाही.